लिनक्सवर विंडोजची एक्झी: बांधणं सोपं, चुकीच्या ओळीपर्यंत पोचणं महत्त्वाचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपवर फक्त उबुंटू आहे आणि ग्राहक सगळे विंडोजवाले. सी++ मधला एक छोटा प्रोग्राम वजनकाट्यातून सिरियल पोर्टवर येणारं वजन वाचतो, पावती छापतो आणि नोंद फाइलमध्ये ठेवतो. विंडोजचं वेगळं मशीन न घेता त्याची एक्झी, म्हणजे विंडोजवर चालणारी प्रोग्राम फाइल, इथेच बनवता येईल का? आणि ग्राहकाकडे ती बंद पडली, तर चूक कुठे आहे हे इथे बसून कसं शोधायचं?

पहिल्या भागाचं उत्तर ‘हो’ आहे आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे. खरा प्रश्न दुसरा आहे, आणि तो तुम्ही आत्ताच विचारलात याचा मला आनंद झाला, कारण मी तो फार उशिरा विचारला होता. माझी पहिली एक्झी मी लहान व्हावी म्हणून सगळी डिबग माहिती (एक्झीतला कोणता पत्ता कोडच्या कोणत्या ओळीचा हे सांगणारी) काढून पाठवली आणि मूळ प्रत जपून ठेवलीच नाही. आठवड्याभरात फोन आला, समोरच्याने कोसळल्याचा पत्ता अगदी अचूक वाचून दाखवला, पण त्या आकड्यावरून मला काहीही काढता येईना. तेव्हापासून मी एक्झी बनली म्हणजे काम झालं असं मानत नाही. ती पडल्यावर पत्त्यावरून ओळीपर्यंत पोचण्याची वाट तयार झाली की मगच ते काम झालं.

आधी बांधणीबद्दल. तुम्हाला लागतो तो मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४. हा लिनक्सवर चालणारा नेहमीचाच जीसीसी कंपायलर आहे, फक्त तो लिनक्सच्या ईएलएफऐवजी विंडोजच्या पीई स्वरूपात फाइल काढतो. सोबत विंडोजची हेडर आणि इम्पोर्ट लायब्ररी येतात. यात कुठेही नक्कल नाही, आभासी मशीन नाही. कंपायलर तुमच्या प्रोसेसरवर पूर्ण वेगाने चालतो. हा आडमार्गही नाही. व्हीएलसी प्लेअरची विंडोज आवृत्ती याच पद्धतीने लिनक्सवर बांधली जाते.

उबुंटूच्या भांडारात सी आणि सी++ दोन्हींची पॅकेजं तयार आहेत. कमांडचं नाव लांबलचक आहे: एक्स८६_६४, डब्ल्यू६४, मिंगडब्ल्यू३२ आणि शेवटी जी++, मध्ये जोडरेषा. त्यातल्या ३२ ने गोंधळू नका, ते जुनं नाव तसंच राहिलंय. ३२ बिटची एक्झी हवी असेल तर सुरुवातीला आय६८६ येतं. याच कंपायलरचे ‘पॉझिक्स’ आणि ‘विन३२’ असे दोन प्रकार दिसतील. पॉझिक्स घ्या. जुन्या जीसीसीच्या विन३२ प्रकारात सी++ चे थ्रेड आणि म्युटेक्स सापडतच नाहीत, आणि माणूस दिवसभर हेडरला दोष देत बसतो.

पहिल्या दिवशी तीन अडथळे हमखास येतात. विंडोजवर लिहिलेल्या कोडमध्ये हेडरची नावं कुठे मोठ्या अक्षरात, कुठे लहान. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, आणि मिंगडब्ल्यूची हेडर लहान अक्षरात आहेत. सगळे इन्क्लूड लहान अक्षरात करून टाका. दुसरा अडथळा लिंकिंगचा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आणि नावाच्या सुरुवातीला ‘आयएमपी’ दिसलं तर विंडोजची एखादी लायब्ररी द्यायची राहिली आहे. सिरियल पोर्टची फंक्शनं कर्नल३२ मध्ये आहेत, ती आपोआप जोडली जाते. छपाईसाठी विनस्पूल आणि जीडीआय३२ सांगाव्या लागतात, नेटवर्कसाठी डब्ल्यूएस२_३२. आणि त्या ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहायच्या, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो.

तिसरा अडथळा ग्राहकाकडे उघडा पडतो. एक्झी सुरूच होत नाही, कारण लिबजीसीसी, लिबस्टडीसी++ आणि लिबविनपीथ्रेड या तीन डीएलएल (प्रोग्राम सुरू होताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी) त्याच्याकडे नसतात. तुमच्यासारख्या छोट्या प्रोग्रामला मी सरळ ‘स्टॅटिक’ पर्याय देतो, म्हणजे त्या एक्झीतच सामावतात. एक्झी थोडी फुगते, पण ग्राहकाला एकच फाइल द्यायची. नंतर ऑब्जडंप या एक्झीच्या आतली माहिती दाखवणाऱ्या कमांडला ‘पी’ पर्याय देऊन ‘डीएलएल नेम’ असलेल्या ओळी वाचायच्या. तिथे विंडोजच्या स्वतःच्या डीएलएल सोडून काही दिसलं, तर ते सोबत पाठवावं लागेल.

बांधणीसाठी सीमेक हे साधन वापरत असाल तर त्याच्या टूलचेन फाइलमध्ये सिस्टिमचं नाव विंडोज द्या आणि लायब्ररी शोधण्याची जागा मिंगडब्ल्यूच्या फोल्डरपुरती मर्यादित करा. नाहीतर लायब्ररी शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग इमानदारीने लिनक्सच्या लायब्ररी आणून देतं आणि लिंकर न समजणारे संदेश देतो. ऑटोकॉन्फच्या, म्हणजे आधी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवायच्या, प्रकल्पात आणखी एक खाच आहे. वाइन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन, बसवल्यावर कधीकधी लिनक्स एक्झी थेट चालवायला लागतं. कॉन्फिगर स्क्रिप्टने बनवलेली चाचणी एक्झी चालते, म्हणून तिला वाटतं आपण दुसऱ्या सिस्टिमसाठी बांधतच नाही आहोत. ‘होस्ट’ आणि ‘बिल्ड’ हे दोन्ही पर्याय स्पष्ट द्या, म्हणजे तिला अंदाज करावा लागत नाही.

आता जिथे माझा सर्वांत जास्त वेळ गेला आहे तो भाग: कोड तोच असला तरी अर्थ बदलतो अशा जागा. ६४ बिट लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचाच राहतो. रुंद अक्षराचा ‘डब्ल्यूकॅर’ लिनक्सवर ४ बाइट, विंडोजवर २. वजनाची नोंद स्ट्रक्टमधून जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवत असाल आणि त्यात लाँग असेल, तर एका बाजूला लिहिलेली फाइल दुसऱ्या बाजूला वाचता येणार नाही. अशा ठिकाणी ठरलेल्या रुंदीचे प्रकारच वापरा, ३२ बिटचा म्हणजे ३२ बिटचाच.

त्याहून फसवी गोष्ट टेक्स्ट मोडची. लिनक्सवर फाइल ‘आर’ ने उघडा किंवा ‘आरबी’ ने, काही फरक नाही. विंडोजच्या सी रनटाइममध्ये टेक्स्ट मोडने लिहिताना १० या बाइटच्या आधी १३ घुसतो, आणि वाचताना २६ हा बाइट आला की फाइल संपली असं मानलं जातं. माझ्या एका कामात नोंदींची फाइल काही दिवस नीट वाचली जायची आणि मग अचानक अर्ध्यातच संपायची. कुठल्या तरी नोंदीत २६ हा आकडा आला की पुढच्या सगळ्या नोंदी गायब. तुमचा प्रोग्रामही वजनच लिहितो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय: बायनरी फाइल उघडताना ‘बी’ विसरू नका. समाधानाची बाब म्हणजे वाइनखालीही ही चूक जशीच्या तशी दिसते, तिच्यासाठी विंडोज लागत नाही.

मराठी फाइलनावांचा प्रश्न आपल्याकडे येणारच. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज नाहीच. मराठी तिथे फक्त युनिकोडमधून चालते. इंग्रजी विंडोजवर कोडपेज १२५२ असतं आणि त्यात ‘शेतकरी यादी’ हे फोल्डर साध्या ‘मेन’ च्या आर्ग्युमेंटमध्ये प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतं. लिनक्सवर तोच कोड बिनबोभाट चालतो, कारण तिथे फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट. उपाय दोन आहेत. एक, ‘डब्ल्यूमेन’ आणि रुंद अक्षरांची फंक्शनं वापरायची. मिंगडब्ल्यूला त्यासाठी ‘एमयुनिकोड’ हा पर्याय द्यावा लागतो. दुसरा, एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहिती-फाइलमध्ये, सक्रिय कोडपेज यूटीएफ-८ आहे असं जाहीर करायचं, पण हे विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून पुढेच चालतं. गावोगावच्या काट्यांवर जुनी मशीन असतात, म्हणून मी पहिला उपाय घेतो. रिसोर्स फाइलमध्ये मराठी मजकूर असेल तर विंडरेस या रिसोर्स कंपायलरला कोडपेज ६५००१ (यूटीएफ-८) सांगा, नाहीतर तिथेही अक्षरांचा चुरा होतो.

चालवून बघायला वाइन. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प विंडोज मशीनची नक्कल करत नाही. तो पीई फाइल मेमरीत चढवतो, तुमच्या सूचना प्रोसेसर थेट चालवतो, आणि विंडोजची फंक्शनं वाइनने स्वतः लिहिलेली असतात. प्रत्येक कामासाठी वेगळा प्रीफिक्स (वाइनचं स्वतंत्र फोल्डर) ठेवा, म्हणजे एका प्रकल्पाची रजिस्ट्री दुसऱ्यात मिसळत नाही. सिरियल पोर्टसाठी यूएसबी केबल लावली की लिनक्समध्ये टीटीवाययूएसबी० असं उपकरण दिसतं. वाइनच्या रजिस्ट्रीतल्या ‘पोर्ट्स’ खाली ते कॉम१ ला, म्हणजे विंडोजच्या पहिल्या सिरियल पोर्टला, जोडता येतं. त्याआधी स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला, नाहीतर परवानगी नाकारली जाते आणि दोष प्रोग्रामवर येतो.

पोर्टचाच विषय निघाला म्हणून सांगतो. कॉम९ पर्यंत पोर्ट साध्या नावाने उघडतो. कॉम१० पासून पुढे नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, एक टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. ग्राहकाच्या मशीनवर यूएसबी केबलला कॉम११ वगैरे क्रमांक अगदी सहज मिळतो. हा उपसर्ग कॉम१ ला लावला तरी चालतो, त्यामुळे तो नेहमीच लावा.

आता डिबगिंग. कंपाइल करताना ‘जी’ पर्याय कायम ठेवा, ग्राहकाला पाठवायच्या बांधणीतही. ऑप्टिमायझेशन चालू असलं तरी डिबग माहिती निघते. मिंगडब्ल्यू ही माहिती ड्वार्फ स्वरूपात एक्झीच्याच पोटात ठेवतो. व्हिज्युअल स्टुडिओला मायक्रोसॉफ्टचं पीडीबी स्वरूप लागतं, त्याला ही वाचता येत नाही. पण जीडीबी या लिनक्सच्या डिबगरला आणि वाइनच्या डिबगरला येते, आणि लिनक्सवर आपल्याला तेच हवं आहे.

वाइनखाली प्रोग्राम पडला की वाइनडीबीजी, म्हणजे वाइनचा डिबगर, आपोआप उठतो आणि रजिस्टर, कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी), चढलेल्या डीएलएलची यादी टर्मिनलवर टाकतो. डिबग माहिती असेल तर स्टॅकमध्ये फाइल आणि ओळही दिसते. बऱ्याच चुका इथेच संपतात. टप्प्याटप्प्याने चालायचं असेल तर मला वाइनडीबीजीपेक्षा जीडीबी बरा वाटतो. वाइनडीबीजीला ‘जीडीबी’ पर्याय दिला की तो पडद्यामागे राहतो आणि समोर नेहमीचा जीडीबी येतो. दुसरा रस्ता जास्त भरवशाचा: उबुंटूत मिंगडब्ल्यूसाठीचा जीडीबी आणि त्याची लक्ष्य बाजू अशी दोन पॅकेजं आहेत. दुसऱ्यात जीडीबीसर्व्हरची विंडोज एक्झी मिळते. ती वाइनखाली एखाद्या नेटवर्क पोर्टवर सुरू करायची, आणि लिनक्समधल्या जीडीबीतून ‘टार्गेट रिमोट’ ने जोडायचं. ब्रेकपॉइंट, व्हेरिएबल, वॉच, सगळं तुमच्या सवयीचं.

या दुसऱ्या रस्त्याचा फायदा असा की तीच जीडीबीसर्व्हर एक्झी खऱ्या विंडोजवरही चालते. मशीन शेजारच्या खोलीत असू दे किंवा आभासी असू दे, सोर्स आणि डिबग माहिती तुमच्या उबुंटूवरच राहते. मात्र जीडीबीसर्व्हर पासवर्ड विचारत नाही; जो जोडेल त्याला पूर्ण ताबा मिळतो. खात्रीच्या घरगुती नेटवर्कबाहेर तो कधी उघडा ठेवू नका.

असेंब्लीपर्यंत उतरावं लागलं तर एक लक्षात असू द्या. ६४ बिट लिनक्सवर फंक्शनचे पहिले दोन आर्ग्युमेंट आरडीआय आणि आरएसआयमध्ये असतात. विंडोजवर ते आरसीएक्स आणि आरडीएक्समध्ये, मग आर८, आर९. लिनक्सच्या सवयीने आरडीआय बघून ‘पॉइंटर चुकलाय’ असं ठरवणं मी स्वतः केलं आहे.

कोसळण्याचा कोड वाचायला शिका, तो अर्धी कथा सांगतो. सी००००००५ म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला. सी००००१३५ म्हणजे डीएलएल सापडली नाही. सी०००००७बी बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. ई०६डी७३६३ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या कोडमधून फेकलेलं सी++ एक्सेप्शन, आणि २०४७४३४३ म्हणजे जीसीसीचं. त्या आकड्यांत ‘जीसीसी’ ही अक्षरंच लपलेली आहेत. सी०००००एफडी म्हणजे स्टॅक संपला. हा शेवटचा लिनक्सवाल्यांना नेहमी चकवतो. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, मिंगडब्ल्यूचा लिंकर २ एमबी राखतो, मायक्रोसॉफ्टचा १ एमबी. फंक्शनमध्ये ३ एमबीचा अॅरे ठेवला तर उबुंटूवर काही होत नाही आणि विंडोजवर प्रोग्राम पहिल्याच पावलाला जातो.

कोसळत नाही पण चुकीचं वागतं, तेव्हा वाइनडीबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कामाला येतं. ‘लोडडीएलएल’ चॅनल लावला तर कोणती डीएलएल कुठून आली ते दिसतं, ‘एसईएच’ लावला तर प्रत्येक एक्सेप्शन. तुमच्यासाठी ‘कॉम’, शेवटी दोन एम असलेला, म्हणजे सिरियल पोर्टचा चॅनल. ‘रिले’ प्रत्येक फंक्शन कॉल छापतो. प्रोग्राम इतका मंदावतो आणि फाइल इतकी वाढते की त्याला अगदी शेवटी हात लावा. खऱ्या विंडोजमध्ये अशी आतली खिडकी इतक्या सहज मिळत नाही. म्हणून फक्त विंडोजवर दिसणारी चूकसुद्धा मी आधी वाइनखाली पुन्हा घडवून बघतो.

आता ग्राहकाकडून आलेल्या तक्रारीचं काय? पद्धत अशी. बांधणी झाली की डिबग माहितीसकट एक्झीची प्रत आवृत्ती क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवायची, आणि ग्राहकाला पाठवायची ती स्ट्रिप केलेली, म्हणजे डिबग माहिती काढलेली, दुसरी प्रत. दोन्ही एकाच बांधणीतल्या हव्यात. नंतर पुन्हा कंपाइल करून ‘तीच’ एक्झी मिळेल असं धरून चालू नका. आवृत्ती क्रमांक प्रोग्रामच्या खिडकीत मोठ्या अक्षरात दिसू द्या, म्हणजे फोनवर विचारता येतो.

प्रोग्राम पडला की विंडोज इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अॅप्लिकेशन नोंदींत, १००० क्रमांकाची घटना लिहितं. त्यात तीन गोष्टी असतात: दोषी मॉड्यूल, एक्सेप्शन कोड आणि फॉल्ट ऑफसेट. ग्राहकाला त्या नोंदीचा फोटो पाठवायला सांगा. मॉड्यूल तुमचीच एक्झी असेल, तर ऑफसेट म्हणजे एक्झीच्या सुरुवातीपासूनचं अंतर. विंडोज प्रत्येक वेळी एक्झी वेगळ्या पत्त्यावर चढवू शकतं, म्हणून नुसता पत्ता बेभरवशाचा, ऑफसेट मात्र पक्का. ६४ बिट एक्झीचा मूळ पाया सहसा हेक्समध्ये १४ आणि त्यापुढे सात शून्यं असा असतो. ऑब्जडंपच्या ‘इमेजबेस’ ओळीत तो बघून घ्या. त्यात ऑफसेट मिळवा आणि जपून ठेवलेल्या प्रतीवर मिंगडब्ल्यूचं अॅड्र२लाइन, म्हणजे पत्त्यावरून ओळ काढणारी कमांड, चालवा. फाइलचं नाव आणि ओळ समोर येते. ग्राहकाच्या मशीनवर काहीही न बसवता, फोटोवरून.

दोषी मॉड्यूल विंडोजची डीएलएल निघाली तर ऑफसेटचा थेट उपयोग नाही, कारण तिथे पोचवणारा आपलाच कोड असतो आणि तो स्टॅकमध्ये वर दडलेला असतो. त्यासाठी प्रोग्राममध्ये न पकडलेल्या एक्सेप्शनचा फिल्टर लावा. तो लॉग फाइलमध्ये एक्झीचा चढवलेला पत्ता आणि स्टॅकवरचे पत्ते लिहून ठेवेल. पन्नासेक ओळींचं काम आहे.

मेमरीच्या चुकांसाठी माझा आग्रह वेगळा आहे. वजनाची ओळ तोडून आकडा काढणं, पावतीचा हिशेब, नोंद लिहिणं, यांचा विंडोजशी काही संबंध नाही. हा भाग वेगळ्या लायब्ररीत काढा आणि ती साध्या लिनक्स जीसीसीने, अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका चालतानाच पकडणारी सोय) लावून, चाचण्यांसकट बांधा. विंडोजशी बोलणारा थर जितका पातळ, तितकं वाइनखाली शोधायचं कमी. हीच गोष्ट मला सुरुवातीला कुणी सांगितली असती तर किती रात्री वाचल्या असत्या.

मिंगडब्ल्यू पुरत नाही अशी एक वेळ येते: काटा बनवणाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेली सी++ लायब्ररी दिली तर. सी पद्धतीची डीएलएल असेल तर अडचण नाही, पण सी++ चे क्लास दोन्ही कंपायलर वेगळ्या रीतीने मांडतात, ते जुळणार नाहीत. तेव्हा क्लँग-सीएल हा कंपायलर आणि एलएलडी हा लिंकर वापरा, मायक्रोसॉफ्टची हेडर त्यांच्या परवान्याच्या अटी वाचून घ्या. यातून पीडीबीही निघतं. वाइनलिब, म्हणजे विंडोजचा कोड थेट लिनक्सचा प्रोग्राम म्हणून बांधणं, हा तिसरा रस्ता, पण तुमचे ग्राहक विंडोजवर आहेत, तेव्हा तो तुमचा नाही.

वाइनखाली चाललं म्हणजे विंडोजवर चालेलच असं नाही. प्रिंटर ड्रायव्हर, यूएसबी केबलचे ड्रायव्हर, अँटीव्हायरसने अनोळखी एक्झी अडवणं, यातलं काही वाइन दाखवत नाही. मायक्रोसॉफ्ट विंडोज एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती देते, ती आभासी मशीनमध्ये ठेवा. एक्झीवर सही करायची असेल तर ओएसएसएल-साइनकोड या साधनाने तेही लिनक्सवरच होतं.

आणि काही पाठवण्याआधी ही तालीम एकदा करा. प्रोग्राममध्ये एक लपवलेला पर्याय ठेवा, जो मुद्दाम शून्य पत्त्यावर लिहितो. पॉइंटर ‘व्होलटाइल’ ठेवा, नाहीतर कंपायलर ती ओळच उडवून लावेल. स्ट्रिप केलेली एक्झी एखाद्या मित्राच्या विंडोजवर चालवा, त्याच्याकडून १००० क्रमांकाच्या नोंदीचा फोटो मागवा, आणि स्वतःच्या उबुंटूवर त्या ऑफसेटची ओळ काढा. आली ती ओळ तुम्ही मुद्दाम लिहिलेलीच असेल, तर पहिली एक्झी ग्राहकाकडे जाऊ द्या.